तीन दिवसांची पाहुणी

(वर्धा जिल्ह्यातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला आज 'कार्यकर्ती आणि गाव' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी त्यावरच बोलणार आहे, पण सुरुवात एका जपानी चित्रमालिकेपासून करणार आहे. हसू नका. चित्रांची असली तरी ती पोरासोरांची नाही. माझ्या भाचीनं ती मला मोबाइलवर दाखवली. पहिला भाग संपला तेव्हा मीच तिला म्हटलं, पुढचा लाव.

मालिकेचं नाव 'किनो नो ताबी', म्हणजे किनोचा प्रवास. केइइची सिगसावा या लेखकाच्या पुस्तकांवर ती बेतलेली आहे. पहिलं पुस्तक २००० साली निघालं, र्‍युतारो नाकामुरा यांनी दिग्दर्शित केलेली तेरा भागांची मालिका २००३ साली आली आणि २०१७ मध्ये ती पुन्हा नव्यानं काढली गेली. गोष्ट साधी आहे. किनो नावाची एक तरुण मुलगी मोटारसायकलवरून देशोदेशी फिरते. मोटारसायकलचं नाव हर्मिस, आणि ती बोलते. देश म्हणजे एकेक शहर, भोवती तटबंदी. प्रत्येक देशाची रीत वेगळी, बाहेरच्याला अजब वाटावी अशी. किनोचा एकच नियम आहे. कुठंही गेलं तरी मुक्काम तीन दिवस आणि दोन रात्री. तेवढ्यात देश पुरेसा कळतो, आणि जास्त राहिलं तर पाय तिथंच रुततील, असं तिचं म्हणणं. ती उपदेश करत नाही. विचारते, ऐकते, जेवते आणि निघून जाते. ती कुणी साध्वीही नाही. तिच्याजवळ पिस्तूल असतं आणि वेळ आली तर ती ते चालवते.

तिनं पाहिलेल्या देशांपैकी तीन देश मी तुम्हाला सांगणार आहे. ऐकताना मनाशी एवढंच विचारा, की हा देश आपण कुठं पाहिला आहे का?

पहिला देश किनोचा स्वतःचा. तिथं मूल बारा वर्षांचं झालं की त्याच्या डोक्याची शस्त्रक्रिया करतात. त्यानंतर ते 'मोठं' होतं, म्हणजे नावडतं कामही हसतमुखानं करू लागतं. ही मुलगी खानावळ-मुक्कामघर चालवणाऱ्यांची. तिनंही तेच चालवायचं, हे ठरलेलं. तिच्याकडे एक प्रवासी उतरतो. त्याचं नाव किनो. त्याच्याशी बोलता बोलता तिच्या मनात येतं, शस्त्रक्रियेशिवाय मोठं होता येणार नाही का? तिनं एवढंच आईबापांना विचारलं. गाव जमलं. मूल बिघडलं, आता त्याची विल्हेवाट लावणं हा आईबापांचा हक्क, असं सगळ्यांनी मान्य केलं. बाप सुरी घेऊन आला. प्रवासी मध्ये पडला आणि मेला. मुलगी मोटारसायकलवरून पळाली. पुढं तिनं त्या मेलेल्या माणसाचं नाव घेतलं.

आता सांगा, आपल्याकडे बाराव्या-तेराव्या वर्षी मुलगी 'शहाणी झाली' असं का म्हणतात? काल दोरीवरच्या उड्या मारणारी पोर एका दिवसात कशानं शहाणी होते? कशानंच नाही. त्या दिवसापासून तिनं हसायचं किती, बसायचं कसं, जायचं कुठं, हे दुसरे ठरवतात एवढंच. आपल्याकडे सुरी लागत नाही. आई, आजी, शेजारीण मिळून हे काम हळूहळू करतात, आणि मायेनं करतात. म्हणून ते दिसत नाही.

आणि नाव? त्या मुलीचं पहिलं नाव एका फुलाचं होतं. ते तिनं सोडलं आणि दुसरं स्वतः निवडलं. आपल्यातल्या किती जणींचं नाव लग्नाच्या दिवशी तांदळात अंगठीनं लिहून बदललं गेलं? हात वर करा. बघा, अर्ध्याहून जास्त. आता हे सांगा, ते नाव काय असावं हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का? फरक इथं आहे. नाव बदलण्यात काही वाईट नाही. ते कोण बदलतं, हा प्रश्न आहे.

दुसरा देश शांततेचा. दोन शेजारी देश वर्षानुवर्षं लढत होते. आता लढत नाहीत. तिथं इतिहासाचं संग्रहालय आहे. ते सांभाळणारी बाई युद्धात मुलगे गमावलेली आई आहे. ती अभिमानानं सांगते, आता कोणत्याही आईचा मुलगा मरत नाही. किनो विचारते, हे जमलं कसं? तर या दोन देशांच्या मधे तिसरी एक गरीब जमात राहते. ठरलेल्या दिवशी दोन्ही देशांचे सैनिक तिथं जातात आणि त्या लोकांना मारतात. ज्यानं जास्त मारले तो जिंकला. युद्धाच्या जागी ही स्पर्धा. दोन्ही देशांत शांतता.

हा भाग पाहून मला त्या रात्री झोप आली नाही. ती आई दुष्ट नाही हो. तिचं दुःख खरं आहे. पण तिची शांतता तिसऱ्या कुणाच्या तरी आईच्या मुलांवर उभी आहे, आणि हे तिला माहीत आहे.

आपल्या राज्यात २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तंटे गावातच मिटावेत, कोर्टकचेरीत गरिबाचा पैसा जाऊ नये, हा हेतू चांगलाच होता. पण आपण प्रत्येकीनं स्वतःला विचारावं. आपण बैठकीला बसलो, नवराबायकोचं भांडण मिटवलं, दोघांनी सही केली, चहा झाला. तंटा मिटला की बाई गप्प झाली? दोन्ही घरांची अब्रू वाचली, पोराचं घर मोडलं नाही, गावात शांतता झाली, आणि हे सगळं जर एकीच्या पाठीवर मिटलं असेल, तर आपणही त्या संग्रहालयातल्या बाईच.

तिसरा देश बहुमताचा. लोकांनी जुलमी राजाला हटवलं आणि ठरवलं, यापुढं सगळं मतदानानं. सुरुवात चांगली होती. मग ठरलं की बहुमताच्या विरोधात जाणारे ते देशद्रोही, त्यांना मृत्युदंड. प्रत्येक मतदानानंतर थोडे कमी झाले. किनो पोचते तेव्हा गाव ओस, नजर जाईल तिथवर थडगी, आणि एकच माणूस उरलेला. तो तिला म्हणतो, तू राहा इथं. ती नाही म्हणते.

यावर उत्तर काय, असं भाचीनं मला विचारलं. मी तिला म्हटलं, वर्ध्यापासून थोड्या अंतरावर, पवनारला, धाम नदीच्या काठी चल. विनोबांनी १९५९ साली तिथं ब्रह्मविद्या मंदिर काढलं, बायकांनी चालवायचा आश्रम. तिथं प्रमुख कुणी नाही आणि निर्णय बहुमतानं नाही, सर्वसंमतीनं घ्यायचे ही रीत आहे. एक जरी अडली तरी थांबायचं. आपल्या गटांना हे जमेल का? मी भाबडी नाही. सर्वसंमतीतही दबाव असतो. 'सगळ्या हो म्हणताहेत, मग मीच कशाला,' असं म्हणून गप्प बसलेल्या बायका आपण बचत गटात रोज पाहतो. पण अडणाऱ्या एकीसाठी थांबायचं, ही सवय तरी लागते. त्या देशात तेवढी सवय असती तर इतकी थडगी झाली नसती.

आता चौथा देश. हा मालिकेत नाही. समजा किनो वर्धा जिल्ह्यात आली. तिला सांगण्यात येईल की हा गांधीजींचा जिल्हा, १९३६ पासून ते सेवाग्रामला राहिले, म्हणून १९७० च्या दशकापासून इथं दारूबंदी आहे. दारूचं दुकान कुठं दिसणार नाही. मग संध्याकाळी ती कुठल्याही गावात फिरेल आणि नाल्याकाठी मोहाचा सडवा पुरलेला तिला पोरंच दाखवतील. ती विचारेल, बंदी आहे ना? पोरं म्हणतील, आहे ना. तिच्या वहीत हा देश जाईल तो असा : 'दारू नसलेला देश, जिथं बायका दारूमुळे मार खातात.' आपल्याला मात्र यात काही अजब वाटेनासं झालं आहे. बाहेरच्या डोळ्याचा उपयोग हाच. घरच्याला जे सवयीनं दिसत नाही ते पाहुणीला पहिल्याच संध्याकाळी दिसतं.

बंदी उठवा असं मी म्हणत नाही. ती बायकांनी धरून ठेवलेली आहे आणि तिच्यामुळेच आपण ठाण्यात उभ्या राहून बोलू शकतो. मी म्हणते, कागदावरचा जिल्हा आणि संध्याकाळचा जिल्हा, दोन्ही एकाच वहीत लिहा.

आणि वहीचा विषय निघाला म्हणून माझी एक गोष्ट सांगते. ती सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

आम्ही तिघी सेलू तालुक्यातल्या एका गावात पाहणीला गेलो होतो. मुक्काम तीन दिवस. दुसऱ्या रात्री बायकांची बैठक झाली. सगळ्या गप्प. एक मजुरी करणारी बाई उठली आणि दारू कोण गाळतो, कोण विकतो, नावानिशी बोलली. आम्ही टाळ्या वाजवल्या. वहीत लिहून घेतलं. चौथ्या दिवशी सकाळच्या एसटीनं वर्ध्याला आलो. अहवाल छान झाला.

पंधरा दिवसांनी कळलं. आम्ही निघालो त्याच रात्री तिच्या कवेलूंवर दगड पडले. कापूस वेचणीचे दिवस होते, पण तिला कुणी कामाला बोलावलं नाही. मी धावत गेले. ती चिडली नाही. चहा ठेवला. म्हणाली, "वही तुमच्यापाशी होती, बाई. घर त माह्यं इथंच हाये."

मैत्रिणींनो, किनोनं तीन दिवसांनी जाणं मला समजतं. तिनं कुणाला उभं केलेलं नसतं. आम्ही एका बाईला उभं केलं आणि निघून गेलो. पाहुणीचे डोळे घेतले आणि पाहुणीसारखेच पायही उचलले.

मग करायचं काय? फिरायचंच नाही? तसं नाही. आपल्याकडे फिरणाऱ्या बायकांचा मोठा वारसा आहे. पंडिता रमाबाई लहानपणापासून आईवडिलांबरोबर देशभर पायी फिरल्या. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. तो देश त्यांनी किनोसारखाच बारकाईनं पाहिला, त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. पण त्या तिथं थांबल्या नाहीत आणि नुसतं पुस्तक लिहूनही थांबल्या नाहीत. १८८९ साली परत आल्या आणि त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन काढलं. पाहिलेल्याचं घर बांधलं. विनोबांच्या प्रेरणेनं १९६७ साली चार बहिणी इंदूरजवळच्या कस्तुरबाग्राममधून पायी निघाल्या आणि बारा वर्षं गावोगाव चालत राहिल्या. बायकांनी एकट्यानं असं फिरावं, हेच तेव्हा कित्येक गावांना नवल होतं. त्या आल्या, हे पाहूनच एखाद्या मुलीच्या मनात आलं असेल, की असंही मोठं होता येतं. त्या खानावळीतल्या मुलीच्या मनात आलं तसंच.

म्हणजे पाहुणी हवीच. पण आपल्या कामात एक भर घालू या. पुढच्या वेळी गावात वही उघडण्याआधी तीन गोष्टी ठरवा. चौथ्या दिवशी या गावात आपल्यापैकी कोण असेल? बोलणारी एकटी असेल तर तिचं नाव घ्यायचं की बैठकीतल्या सगळ्यांचं मिळून निवेदन द्यायचं? आणि तिची मजुरी बुडाली तर ती कोण भरणार? या तिन्हींची उत्तरं नसतील तर वही मिटलेलीच ठेवा, चहा प्या, गप्पा मारा, परत जा. त्यात कमीपणा नाही.

त्या बाईचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. मी तिथं जात राहिले. दोन वर्षांनी त्याच गावच्या अकरा बायका एकत्र ठाण्यात गेल्या. ती त्यांच्यात होती, पण पुढं नव्हती. मधे होती. मी तिला विचारलं, या वेळी मागं का? तर म्हणाली, "मागं नाही, बाई. या वेळी बाजूले कोणीतरी हाये."

एवढंच सांगायचं होतं. आता चर्चेला बसू, आणि सुरुवात चौथ्या दिवसापासून करू.