पुढील स्टेशन... गोरेगाव!

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या आपल्या गोरेगावचा माणूस पहिल्यांदा मुंबईला जातो, लोकलमध्ये बसतो आणि कानावर येतं, 'पुढील स्टेशन गोरेगाव!' क्षणभर वाटतं, गावच भेटायला आलं. पण आपल्याकडे एसटीची वाट बघताना निवांत गप्पा होतात. तिथं लोकल जेमतेम अर्धा मिनिट थांबते.

मुंबईत पहिली नजर खिळते ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर. ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी रेल्वे याच परिसरातल्या बोरीबंदरहून ठाण्याला धावली.

इथून हार्बर मार्गाची लोकल थेट गोरेगावला जाते. चर्चगेटहून निघणारी पश्चिम मार्गाची लोकलही तिथं थांबते. पूर्वेला आरेची हिरवी झाडी आणि दादासाहेब फाळके चित्रनगरी. सिमेंटच्या गर्दीत ती झाडी पाहिली की हिंगोलीकडच्या माणसाला जरा हायसं वाटतं.

नव्या प्रवाशानं काय लक्षात ठेवावं? फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडीचा शेवटचा थांबा आणि धीमी की जलद, हे आधी पाहा. साध्या तिकिटावर पहिल्या वर्गाच्या डब्यात चढू नका. सामान मोजकं घ्या, सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळा. आणि धावती गाडी मुळीच पकडू नका. मागून दुसरी येतेच.