प्रवासाची बांधाबांध

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की माळव्यापासून गोमंतकापर्यंतच्या मराठी घरांतून सारखेच दृश्य दिसू लागते. माळ्यावरच्या बॅगा खाली उतरतात, त्यांवरची वर्षभराची धूळ झटकली जाते आणि पुढचे आठ दिवस घरात प्रवासाखेरीज दुसरा विषय उरत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री मुले उत्साहाने जागी असतात, घरधनी तिकिटे पुन्हापुन्हा तपासून पाहतो आणि गृहिणी मात्र मध्यरात्र उलटल्यावर पुऱ्यांचा शेवटचा घाणा काढून, सर्वांच्या बॅगांना कुलपे लावून आडवी होते. सुटीचे पहिले दोन दिवस तिचे शीण घालवण्यातच जातात आणि परतल्यावर धुण्याचा ढीग तिचीच वाट पाहत असतो. म्हणजे सुटी झाली ती घरातील इतर सर्वांची. तिचे काम तेवढे चार दिवस आधी सुरू झाले आणि चार दिवस उशिरा संपले.

बॅगेत किती जिन्नस मावले, यावरून प्रवासाच्या तयारीची परीक्षा करणे योग्य नव्हे. घरातील प्रत्येकाला सुटी मिळाली काय, हीच तिची खरी परीक्षा होय. आणि हे साधण्याचे मार्गही दोनच आहेत. सामान कमी करावे, आणि काम वाटून घ्यावे.

पूर्वीच्या प्रवासात पत्र्याची ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि फराळाचे डबे असा जामानिमा असे. त्याला त्या काळी कारणही होते. धर्मशाळेत अंथरूण मिळण्याची खात्री नसे, वाटेत स्वच्छ पाणी मिळेलच असे नसे आणि नातलगांकडचा मुक्काम महिना-महिना चाले. आज मुक्काम आठ-दहा दिवसांचा झाला, बहुतेक वातानुकूलित डब्यांत चादर, उशी आणि ब्लँकेट मिळते, राहण्याच्या जागी अंथरूण असते. परंतु सामान बांधण्याची सवय मात्र ट्रंकेच्या काळातली राहिली आहे. 'असू द्यावे, लागले तर' या चार शब्दांनी जितकी ओझी वाढतात, तितकी खऱ्या गरजेने वाढत नाहीत.

रेल्वेच्या नियमांनी विनाशुल्क सामानाची मर्यादा आखून दिलेली आहे. द्वितीय वर्गात माणशी ३५ किलो, शयनयान व तीन-शायिका वातानुकूलित डब्यांत ४० किलो, दोन-शायिका वातानुकूलित डब्यात ५० किलो आणि वातानुकूलित प्रथम वर्गात ७० किलो अशी ती मर्यादा आहे. पेटीची लांबी १०० सेंटिमीटर, रुंदी ६० आणि उंची २५ सेंटिमीटर यांहून अधिक नसावी, असाही नियम आहे. परंतु नियमात बसणारे चाळीस किलो पाठीला झेपतीलच असे नाही. प्रौढ माणसाने आपली भरलेली बॅग उचलून दोन मजले जिना चढून पाहावे. वाटेत थांबावे लागले, तर बॅग उघडून काही जिन्नस काढून ठेवावेत. स्थानकावरचा पादचारी पूल याहून दयाळू नसतो.

एक उदाहरण घेऊ. इंदूरचे पाच माणसांचे एक कुटुंब मे महिन्यात आठ दिवसांसाठी कोकण आणि गोवा पाहण्यास, जमल्यास कुलदैवताचे दर्शन घेण्यास, निघाले आहे. आजोबा, पतिपत्नी आणि दोन मुले. या कुटुंबाची तयारी खरे तर दोन महिने आधी सुरू व्हावयास हवी, कारण १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या दिवसाआधी ६० दिवस खुले होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. इंदूरहून किनाऱ्याकडे जाताना बहुधा मुंबईच्या आसपास गाडी बदलावी लागते. तेव्हा दोन गाड्यांच्या वेळांत चार-पाच तासांचे अंतर ठेवणे हेच शहाणपणाचे. आजोबांसाठी खालची शायिका मागावयाची, तर तिकीट काढतानाच त्यांचे वय बिनचूक नोंदवावे.

कपड्यांचा विचार करताना जेथून निघावयाचे तेथील हवा विसरावी आणि जेथे जावयाचे तेथील हवा ध्यानात घ्यावी. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. तेथील उन्हाळा कडक, पण कोरडा. दोरीवर घातलेला सदरा तेथे पाहता पाहता वाळतो. किनाऱ्यावर पारा त्यापेक्षा खाली असतो, तरी हवेतील दमटपणामुळे घाम अंगावरच राहतो आणि जाड कपडा रात्रभर टांगूनही सकाळी ओलसर लागतो. म्हणून तेथे पातळ सुती कपडेच उपयोगी पडतात. जाड जीनच्या विजारी आणि केसाळ टॉवेल घरीच ठेवावेत. टॉवेलाऐवजी पंचा घेतला तर तो हलका असतो आणि लवकर वाळतो. आठ दिवसांसाठी अंगावरचा एक आणि बॅगेतील चार असे पाच जोड पुरतात, कारण रोज दोन कपडे धुऊन टाकणे फारसे जड नाही. त्यासाठी पाच मीटर दोरी, डझनभर चिमटे आणि साबणाची एक वडी एवढे सामान हवे. देवालयात जावयाचे असेल, तर अंग पुरते झाकणारा एक चांगला जोड वेगळा ठेवावा. मुक्काम मेच्या अखेरीस असल्यास छत्री हवीच. जूनच्या आरंभी तेथे पावसाची चाहूल लागते.

बॅग भरण्यातही थोडी पद्धत आहे. जड जिन्नस चाकांच्या बाजूस, म्हणजे बॅग उभी केली असता तळाशी यावेत. नाहीतर ती वाटेत सारखी कलंडते. कपड्यांच्या गुंडाळ्या केल्या तर जागा कमी लागते आणि एक कपडा काढताना बाकीचे विस्कटत नाहीत. मोज्यांच्या जोड्या बुटांत कोंबाव्यात. तेलाच्या आणि लोणच्याच्या बाटल्यांची झाकणे घट्ट करून त्या दुहेरी पिशवीत उभ्या ठेवाव्यात. एकाच माणसाचे सर्व कपडे एकाच बॅगेत भरू नयेत. प्रत्येकाचा एक जोड दुसऱ्या बॅगेत असला, म्हणजे एखादी बॅग हरवली तरी कोणावर नेसत्या वस्त्रानिशी राहण्याची पाळी येत नाही. ओल्या कपड्यांसाठी एक रिकामी पिशवी घ्यावी. आणि निघताना बॅगेचा चौथा हिस्सा मोकळा ठेवावा. परतताना आमसुले, काजू आणि फणसपोळी आपली जागा मागतातच. पिकलेले आंबे मात्र कपड्यांत न ठेवता पेंढा घातलेल्या खोक्यात वेगळे आणावेत.

औषधांचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. तेथे काटकसर नको. आजोबांना रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी रोज लागत असेल, तर प्रवासाचे दिवस अधिक चार दिवस एवढा साठा बरोबर असावा. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. सुट्या करून डबीत भरल्या तर अडचणीच्या वेळी परक्या डॉक्टरला त्या ओळखता येत नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत आणि चष्म्याची दुसरी जोडी सोबत घ्यावी. हे सर्व मोठ्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवावे, कारण मोठी बॅग आसनाखाली जाते, विमानात तर ती डोळ्यांआडच होते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी ते उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नये, तसेच बर्फालाही थेट टेकवू नये. अतिउष्णतेने आणि गोठण्याने, दोन्हींनी ते निकामी होते. घाटरस्त्यांवर ज्यांना मळमळते, त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. गाडी वळणे घेऊ लागल्यावर घेतलेली गोळी उशिराची ठरते.

उन्हाळ्यातील प्रवासात मुलांना जुलाब लागले, तर पहिली काळजी शरीरातील पाण्याची करावी लागते. जलसंजीवनीच्या पुड्या सोबत असाव्यातच. त्या नसतील तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ असावे. मीठ अंदाजाने टाकू नये. ते जास्त झाल्यास अपाय होतो. बाळ मलूल पडले, पाणी पोटात राहीनासे झाले किंवा लघवी कमी झाली, तर मात्र घरगुती उपायावर न थांबता दवाखाना गाठावा.

शिदोरीच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघराला कोणी शिकवावे असे नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गुळांबा आणि चिवडा हे प्रवासात टिकणारे पदार्थ. ओल्या नारळाची चटणी, दहीभात आणि उकडलेल्या बटाट्याची भाजी मेच्या उष्म्यात काही तासांतच आंबतात; ती पहिल्याच जेवणात संपवावीत किंवा नेऊच नयेत. दशम्या गरम असताना डबा बंद केला, तर वाफेने त्यांना बुरशी लवकर येते. शिदोरी एका दिवसाची पुरे. पुढच्या आठ दिवसांचे खाणे घरून करून नेण्याचा हट्ट म्हणजे गृहिणीच्या कंबरेवर आणि बॅगेवर एकदमच भार टाकणे होय.

काही वस्तू मात्र कोणत्याही सबबीखाली नेऊ नयेत. स्टोव्ह, गॅसची लहान टाकी, रॉकेल आणि फटाके रेल्वेच्या डब्यात नेण्यास १९८९च्या रेल्वे कायद्याने मनाई असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे मदुराई येथे उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या खास डब्याला आग लागून नऊ जण मृत्युमुखी पडले. डब्यात बेकायदा आणलेल्या गॅसच्या सिलिंडरमुळे ही आग लागल्याचे रेल्वेने सांगितले. चहाच्या कपासाठी एवढे मोल देण्याची पाळी कोणावरही येऊ नये. विमानाने जाणाऱ्यांनी मोबाईल भारित करण्याची पॉवर बँक सामानकक्षात जाणाऱ्या बॅगेत न घालता हातातल्या पिशवीत ठेवावी. तीही आगीच्याच भयाने.

आरक्षणाचा तपशील मोबाईलमध्ये असला, तरी मूळ ओळखपत्र जवळ हवे. तिकिटाचा क्रमांक, मुक्कामाचा पत्ता आणि घरच्या दोन माणसांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवावेत, लहान मुलांच्याही. मोबाईल हरवतो, तेव्हा त्यातील सगळी माहितीही त्याबरोबर जाते. रोख रक्कम दोन-तीन ठिकाणी विभागावी. गाडीत अडचण आल्यास १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक मुलांनाही ठाऊक असावा.

निघताना मागे राहणाऱ्या घराकडेही पाहावयास हवे. गॅसचा रेग्युलेटर आणि पाण्याचे नळ बंद करावेत, फ्रिजमधील नाशवंत पदार्थ संपवावेत. कूलरमधील पाणी काढून टाकी कोरडी करावी. अंड्यापासून डास तयार होण्यास उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे तेवढ्या सुटीत घरातच त्यांची पैदास व्हावयाची. तुळशीची कुंडी सावलीत सरकवून शेजारी पाण्याची बादली ठेवावी आणि सुती कापडाची जाड वात बादलीतून कुंडीच्या मातीत सोडावी. मातीला ओल राहते. दूधवाल्याला आणि वर्तमानपत्र टाकणाऱ्याला आधी सांगावे. घरात वृद्ध मागे राहणार असतील, तर त्यांची औषधे, जेवणाची सोय आणि रोज दोनदा चौकशी करणारा शेजारी हे सर्व ठरल्यावाचून बॅगेला कुलूप लावू नये.

ही सर्व कामे एका माणसाने करावयाची म्हटले, तर ती डोंगराएवढी होतात. पाच जणांत वाटली की फारसे काही उरत नाही. दहा दिवस आधी एका कागदावर यादी लिहावी आणि प्रत्येक कामापुढे नाव घालावे. आठ-दहा वर्षांचे मूल आपली बॅग स्वतः भरू शकते. मोठ्यांनी ती एकदा तपासली म्हणजे झाले. औषधे आजोबांनी मोजावीत, त्यात त्यांचा वेळही चांगला जातो. घर बंद करण्याची सर्व कामे घरधन्याने करावीत. शिदोरीच्या दशम्या लाटण्यास एकाहून अधिक हात लागले, तर काही बिघडत नाही. परतीचे तिकीट कामावर रुजू होण्याच्या आदल्या दिवसाचे न काढता दोन दिवस आधीचे काढावे आणि त्या मोकळ्या दिवशी प्रत्येकाने आपापली बॅग आपणच रिकामी करून कपडे धुण्यास टाकावेत.

अशी तयारी झाली, तर निघण्याच्या आदल्या रात्री घरातील दिवे दहाच्या सुमारास मालवता येतील. गाडीत चढताना गृहिणीच्या हाती तिची स्वतःची एक बॅग असावी, दुसऱ्या कोणाचेही ओझे नसावे. आणि गाडी सुटल्यावर खिडकीजवळची जागा मुलांच्या आधी, निदान पहिला तासभर तरी, तिला द्यावी.