वाटीभर फेस

आम्ही मालाड पूर्वेच्या कुरार गावातून बोलतोय. नावात गाव आहे, बाकी सगळी दाटीवाटीची वस्ती. आमच्या बचत गटात बारा जणी आहेत. आजचा आमचा विषय ऐकून तुमच्यातल्या काही जणी पदर तोंडाला लावतील. विषय आहे, पुरुषाच्या दाढीचा फेस कसा करायचा. डबीतला गोल साबण आणि ब्रश घेऊन, जुन्या पद्धतीनं. हसायचं तर हसा, आम्हीही हसलो होतो. पण या फेसापायी आमच्या एका ताईचं काम गेलं, म्हणून हे बोलणं.

आमच्या गटातल्या तीन जणी पेशंट सांभाळायला जातात. ब्युरोकडून बोलावणं येतं, बारा तासांची ड्यूटी असते. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, औषधाच्या वेळा, हे सगळं त्यांना येतं. दाढी मात्र कुणीच शिकवलेली नसते. ताई ज्या घरी लागली होती तिथल्या आजोबांना अर्धांगवायू झालेला. तिसऱ्या दिवशी घरच्यांनी सांगितलं, पाहुणे येणार आहेत, यांची दाढी करून टाका. ताईनं अंगाचा साबण हातावर चोळला, गालावर पुसला आणि रेझर फिरवला. फेस एका मिनिटात सुकला. हनुवटीखालची कातडी सैल, रेझर अडकला आणि कापलं. आजोबांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू होती, त्यामुळे रक्त थांबेना. शेवटी डॉक्टरांना बोलवावं लागलं. आजोबा बरे राहिले, पण ब्युरोनं ताईला दोन महिने काम दिलं नाही. गटाचे दोन हप्ते चुकले. बैठकीत ती म्हणाली, ‘चूक माझीच, पण मला सांगितलं होतं कुणी?’ याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

मग आम्ही आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सलूनवाल्या काकांकडे गेलो. आधी सहा जणी बाहेरच उभ्या राहिल्या. आत पुरुष बसलेले, आपण कसं जायचं? काकांनी दुकान बंद असतं त्या दिवशी दुपारी यायला सांगितलं. येताना फुगे आणा म्हणाले. आम्हाला वाटलं थट्टा करतात. पण त्यांच्या धंद्यात नवा पोरगा असाच शिकतो. फुग्याला फेस लावायचा आणि फुगा न फोडता तो फेस पात्यानं काढायचा. पहिल्या तासात आमचे नऊ फुगे फुटले. त्या आवाजानं शेजारची पोरं गोळा झाली. आमच्यातली सगळ्यात मोठी, साठीची मावशी, तिचा फुगा मात्र फुटला नाही. काका म्हणाले, हिचा फेस बघा आणि तुमचा बघा.

खरी गोष्ट तिथेच कळली. आम्ही रेझर कसा धरायचा ते शिकायला गेलो होतो, काकांनी पहिले दोन दिवस रेझरला हातच लावू दिला नाही. म्हणाले, हात हलका नंतर होतो, आधी फेस. फेस दिसायला पांढरा म्हणून लावत नाहीत. केस पाणी प्यायला की मऊ होतो, आणि फेसाचं काम ते पाणी केसापाशी धरून ठेवणं. शिवाय पातं आणि कातडी यांच्यामध्ये एक निसरडा थर राहतो. तो थर सुकला की पातं कातडीवर ओढलं जातं.

आता कृती सांगतो. कणीक मळणाऱ्या बाईला ही समजायला वेळ लागणार नाही.

पहिलं म्हणजे चेहरा. कोमट पाण्यात पंचा बुडवून पिळायचा आणि दोन-तीन मिनिटं दाढीवर ठेवायचा. पंचा आधी आपल्या मनगटावर लावून बघायचा. अर्धांगवायूच्या माणसाला त्या बाजूला चटका कळत नसेल, तो सांगणार नाही. तोवर ब्रश कोमट पाण्यात भिजत ठेवायचा. उकळतं पाणी नको, केस आणि डिंक दोन्ही खराब होतात. साबणाच्या डबीत चमचाभर पाणी टाकून ठेवायचं, म्हणजे वरचा थर मऊ होतो. मग ते पाणी ओतून द्यायचं.

ब्रश दोन-तीनदा झटकायचा. ओला हवा, पण निथळता नको. आता तो साबणावर गोल गोल फिरवायचा, निदान अर्धा मिनिट. आमची सगळ्यांची चूक इथे होत होती. पाच-सहा वळसे दिले की मोठे बुडबुडे दिसायचे आणि आम्हाला वाटायचं झाला फेस. तो फेस नव्हेच, नुसती हवा. ब्रशाच्या टोकांवर घट्ट लगदा दिसेपर्यंत फिरवत राहायचं. साबण पुरेसा उचलला नाही तर पुढे कितीही फेटा, काही होत नाही.

मग ब्रश रिकाम्या वाटीत घ्यायचा आणि फेटायला लागायचं. बोटं पाण्यात बुडवून चार-पाच थेंब टाकायचे, पुन्हा फेटायचं, पुन्हा थेंब. कणकेत एकदम तांब्या उपडा करतो का आपण? तसंच हे. मिनिट-दोन मिनिटांत फेसाचा रंग बदलतो. आधी तो कोरडा, पिठूळ दिसतो, ब्रशला चिकटून राहतो. तेव्हा पाणी कमी आहे. मोठे बुडबुडे दिसले, फेस गालावरून ओघळला, तर पाणी जास्त झालं. त्याला आणखी साबण हवा, ब्रश पुन्हा डबीत न्यायचा. बरोबर झालेला फेस चकाकतो, त्यात बुडबुडा वेगळा दिसत नाही, आणि ब्रश उचलला तर फेटलेल्या सायीसारखं टोक उभं राहतं. चिमटीत धरून बघायचं, बोटं एकमेकांवरून घसरली पाहिजेत.

गालावर लावताना आधी ब्रश गोल फिरवायचा, म्हणजे आडवे पडलेले केस उभे राहतात. शेवटी वरून खाली दोन हात मारायचे, रंगाचा ब्रश मारतो तसे. उरलेला फेस वाटीत झाकून ठेवायचा, दुसऱ्या हाताला लागतो.

कुणी विचारेल, अंगाचा साबण का नाही चालत? दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल जास्त असतं आणि कॉस्टिक सोड्याबरोबर बहुतेक वेळा पोटॅशही वापरलेलं असतं. त्यामुळे त्याचा फेस घट्ट होतो आणि टिकतो. अंगाच्या साबणाचा फेस भरभर येतो आणि भरभर बसतो. कपड्याचा साबण तर चेहऱ्याला लावूच नका. आणि डब्यातून फस्स करून निघणारा तयार फेस? तो चालतो की. पण तो महाग, आणि डबीतला साबण रोज वापरला तरी महिनोन् महिने जातो. आम्ही गटाच्या बाया, आधी हिशेब बघतो.

हे सगळं शिकून आमच्यातली एक जण सांगोल्याकडे माहेरी गेली. वडील अंथरुणावर. तिनं मालाडला शिकलेलं सगळं तसंच केलं आणि फेस काही धरेना. वाटीत दह्याच्या चोथ्यासारखं काहीतरी तयार झालं. तिनं फोन केला, ‘काकांनी शिकवलेलं इथे चालत नाही.’ काका स्वतःही चक्रावले, त्यांची सगळी हयात मुंबईत गेलेली. उत्तर आमच्या गटातल्या एकीच्या नववीतल्या मुलीनं दिलं. तिच्या पुस्तकात होतं, दुष्फेन पाणी.

म्हणजे आपण ज्याला जड पाणी म्हणतो ते. बोरच्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम जास्त असतं. साबण त्यांच्याशीच बांधला जातो आणि त्याचा चोथा होतो, फेसाला उरतच नाही. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, हंड्याच्या आत पांढरा थर धरतो, ते हे पाणी. आम्हाला मुंबईत तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं पावसाचं साठलेलं पाणी मिळतं, ते मऊ, म्हणून आमच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तुमच्यातल्या पुष्कळ जणींना मात्र हे रोजचं आहे.

यावर उपाय आहे. दाढीला लागतं वाटी-दोन वाटी पाणी. पावसाचं धरून ठेवलेलं असेल तर त्यासारखं दुसरं नाही. गावात शुद्ध पाण्याचं मशीन असेल तर त्यातलं तांब्याभर पाणी पुरतं. तेही नसेल तर बोरचं पाणी खळखळून उकळायचं, थंड होऊ द्यायचं, आणि तळाशी बसलेलं न हलवता वरचं पाणी ओतून घ्यायचं. सगळ्या प्रकारचा जडपणा उकळून जात नाही, पण बऱ्याच ठिकाणी फरक पडतो. आणि साबण थोडा जास्त उचलायचा. धुण्याचा सोडा मात्र या पाण्यात घालू नका. कपड्यांना चालतो, चेहऱ्याला नाही.

आता आजारी माणसाबद्दल थोडं. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, हे पहिल्यांदा विचारा. चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पातं लावू नका. अशा माणसाला विजेचं मशीन बरं. माणसाला उशी लावून बसतं करा, आडवं असताना फेस तोंडात जातो. तोंड एका बाजूला वाकडं असेल तर त्या कोपऱ्याशी फेस कमी लावा आणि पंचा हाताशी ठेवा. कवळी असेल तर ती काढू नका, घालूनच ठेवा, गाल भरलेला राहतो. दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरा. केस वाढतात त्याच दिशेनं रेझर न्या, आखूड हात मारा, दोन हातांनंतर पातं धुवा. झाल्यावर साधं पाणी, टिपून घ्या, वाटलं तर तुरटी. कापलंच तर स्वच्छ फडकं पाच-दहा मिनिटं सारखं दाबून धरा. मधे मधे उचलून बघू नका. तरी थांबलं नाही तर दवाखाना.

एका माणसाचा ब्रश, पातं आणि तुरटी दुसऱ्याला नाही, मग ते सख्खे भाऊ असोत. पहिल्या महायुद्धाच्या काळात दाढीच्या ब्रशांतून सैनिकांना काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स झाला होता. ब्रश जनावराच्या केसांचे, आणि ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते. आज तशी भीती नाही, पण वापरलेला ब्रश धुऊन, झटकून, केस खाली करून उघड्यावर टांगायचा. ओला ब्रश डबीत कोंडला तर वास येतो. आणि जुनं पातं कचऱ्यात सुटं टाकू नका. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवा. कचरा वेचणारीचा हात आपल्यासारखाच असतो.

‘बाईनं रेझर धरायचा?’ हे आमच्या घरीही झालं. एकीच्या सासूनं दोन दिवस अबोला धरला. तेव्हा आम्ही तिला शांताबाई यादव यांची गोष्ट सांगितली. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज तालुक्यातलं हसूरसासगिरी. 1984 साली नवरा गेला, पदरात चार लहान मुली. गावात दुसरा न्हावी नव्हता. गावचे हरिभाऊ कडूकर म्हणाले, तूच का करत नाहीस हा धंदा? त्यांनी स्वतःच पहिल्यांदा शांताबाईंसमोर बसून दाढी करून घेतली, असं सांगतात. लोक हसले, नावं ठेवली, पण शांताबाई आसपासच्या गावांत फिरून दाढी-कटिंग करत राहिल्या आणि त्यावर त्यांनी मुलींची लग्नं केली. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘एका दाढीचे किती घ्यायची ती?’ सुरुवातीला एक रुपया, आम्ही सांगितलं. ‘कमी घेतले,’ म्हणाल्या. अबोला तिथेच संपला.

पूर्वी गावात न्हावी बलुत्यावर घरी यायचा, अंथरुणावरच्या माणसाचीसुद्धा दाढी व्हायची. आता दुकान नाक्यावर किंवा तालुक्याला, आणि माणूस घरात खाटेवर. महिना-महिना दाढी वाढते, खाजते, जेवण त्यात अडकतं. तुमच्या गटातली एखादी हे शिकली तर गावात तिला काम आहे. पैसे सांगताना लाजू नका. आम्ही सुरुवातीला लाजलो आणि पहिले चार महिने फुकट केलं, ते आता खटकतं.

ताईला दुसऱ्या ब्युरोकडून काम मिळालं. हे आजोबा निवृत्त शिक्षक, बोलणं गेलेलं, उजवा हात चालत नाही. गोळ्यांचं तिनं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. पहिली दाढी करायला तिला पाऊण तास लागला. झाल्यावर तिनं आरसा समोर धरला. आजोबांनी बराच वेळ बघितलं, मग डावा हात हळूहळू वर नेला आणि कानाखाली एका जागी बोट ठेवलं. तिथे राहिलं होतं. ताईनं वाटीत दोन थेंब पाणी टाकलं आणि पुन्हा फेटायला घेतलं.