उजेड शिरलेला रोल
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'माझा छंद' या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं. कवीचा छंद म्हणजे कविताच, असं लोक धरून चालतात. ते खरं नाही. कविता हा माझ्या डोक्याला लागलेला घोर आहे. छंद म्हणाल तर एक जुना कॅमेरा गळ्यात अडकवून रस्त्याने फिरणं. इंग्रजीत याला स्ट्रीट फोटोग्राफी म्हणतात. आमच्या मिरजेत याला 'उगाच हिंडणं' म्हणतात.

गोष्ट २००७ सालची आहे. मी तेव्हा मिरजेत एका पतसंस्थेत कारकून होतो. पुण्याला एका कविसंमेलनाला गेलो होतो. परतीच्या गाडीला वेळ होता आणि वार रविवार होता, म्हणून जुन्या बाजारात शिरलो. तिथे एका गोणपाटावर मिक्सरचं भांडं, पितळी कुलपं आणि एक मोडका टाइपरायटर यांच्या मधोमध तो बसला होता. यासिका इलेक्ट्रो ३५. पाऊण किलो वजनाचा जपानी कॅमेरा. विकणाऱ्याने नऊशे सांगितले, साडेसहाशेला दिला. मी विचारलं, "चालतो का?" त्याने तो माझ्या कानाशी नेऊन खटका दाबला आणि म्हणाला, "आवाज ऐका ना साहेब." आवाज खरोखर गोड होता. कवी माणूस, आवाजावर फसलो.

मानधनाचे पाचशे त्यात गेले आणि वर खिशातले दीडशे. घरी आल्यावर अम्मीने तो हातात घेऊन जोखला आणि म्हणाली, "ये भंगार कायकू लाया रे? घर में जागा है क्या?" आमच्या घरात तोवर कॅमेरा नव्हता. आजोबा तर फोटोच्या विरोधातच होते. तसवीर काढणं त्यांना पटत नसे. त्यांचा एकुलता एक फोटो आमच्याकडे आहे, तो हजच्या कागदपत्रांसाठी काढलेला. त्यात ते गुन्हा कबूल केल्यासारखे समोर बघतायत. त्यांच्या नातवाने साडेसहाशे रुपये घालून हे करावं!

कॅमेरा इतका स्वस्त मिळाला, कारण त्या दिवसांत डिजिटल कॅमेऱ्याची लाट आली होती. फोटो स्टुडिओवाले आपले जुने कॅमेरे मिळेल त्या भावाला काढत होते. मी नेमका लाटेच्या उलट पोहायला उतरलो, तेही पोहता येत नसताना.

पहिला रोल मी दर्ग्याच्या परिसरात, स्टेशनबाहेर आणि लक्ष्मी मार्केटात काढला. छत्तीस फोटो. मोजणारा आकडा छत्तीसवर आला, अडतीसवर गेला, चाळीसवर गेला, तरी रोल संपेना. मला वाटलं, जपानी माल, बरकत असेल. लॅबमधल्या पोराने रोल धुऊन परत दिला आणि म्हणाला, "काका, कोराच आहे." झालं होतं असं, की फिल्मचं टोक उजवीकडच्या फिरकीच्या खाचेत नीट अडकवावं लागतं. माझं अडकलंच नव्हतं. फिल्म जागच्या जागी होती आणि मी नुसताच खटके मारत होतो. फिल्म पुढे सरकते की नाही, हे कळायची खूण सोपी असते. खटका ओढला की डावीकडची उलटी गुंडाळायची मूठ आपोआप फिरली पाहिजे. हे मला त्या पोराने शिकवलं. धुलाईचे पैसे मात्र घेतले.

दुसऱ्या रोलला झाकण. या कॅमेऱ्यात आपण भिंगातून बघत नाही, वरच्या वेगळ्या खिडकीतून बघतो. त्यामुळे भिंगावरचं झाकण काढायचं राहिलं, तरी आपल्याला सगळं लख्ख दिसत असतं. एका लग्नाच्या वरातीचे सात फोटो मी असे झाकणासकट काढले. नवरदेव घोड्यावरून माझ्याकडे बघून हसला होता. ते हसू झाकणाच्या आतल्या बाजूला लागलं असेल तर असेल.

तिसरी भानगड सेलची. ती थोडी तपशिलाने सांगतो, कारण ती ओळखायला मला सहा महिने लागले. या कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं आणि शटरचा वेग तो स्वतः ठरवतो. त्यासाठी त्याला ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. पारा विषारी म्हणून ते सेल बंद झाले. मग सहा व्होल्टचा बारका सेल घालायचा, तो त्या मोठ्या खोबणीत डुगडुगतो, म्हणून एका बाजूला बॉलपेनची स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूला सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबायची. जुगाड चालतं. पण चांदी जरा सरकली की सेलचा संबंध तुटतो, आणि मग हा कॅमेरा काय करतो? बंद पडत नाही. बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो निमूटपणे प्रत्येक फोटो सेकंदाच्या पाचशेव्या भागात काढतो. भर दुपारी ते खपून जातं. संध्याकाळी मात्र सगळा काळोख. मागे एक बटण आहे, ते दाबून हिरवा दिवा लागला तर सेल ठीक समजायचा. नमाजाआधी वजू करावी तसं मी अजूनही घराबाहेर पडताना ते बटण दाबतो.

मागच्या दाराच्या खोबणीत उजेड आत येऊ नये म्हणून स्पंज लावलेला असतो. तो जुना झाला की त्याचं डांबर होतं. ते मी काडीने खरवडून काढलं आणि तिथे बायकोच्या विणकामातली काळी लोकर चिकटवली. ती अजून टिकून आहे.

आमच्या गावात एक म्हातारे स्टुडिओवाले होते. काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या जमान्यातले. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' फिल्मवर त्यांनी अर्धी मिरज टिपलेली. माझे कोरे रोल बघून ते मला धीर द्यायचे. रॉबर्ट कापाने ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गोळीबारात फोटो काढले आणि लंडनच्या डार्करूममध्ये घाईने वाळवताना बहुतेक निगेटिव्ह वितळून गेल्या, अशी गोष्ट ते रंगवून सांगत. आता अभ्यासक म्हणतात, ही गोष्ट खरी नसावी; फोटोच थोडे काढले गेले असावेत. काही असो, मला त्या गोष्टीचा फार उपयोग झाला. अमेरिकेतला गॅरी विनोग्रँड १९८४ साली वारला, तेव्हा त्याचे अडीच हजारांवर रोल धुवायचे राहिले होते. हा माणूस मला जवळचा वाटतो. माझ्याही न छापलेल्या कवितांच्या वह्या आहेत.

हे वाचलेलं आणि ऐकलेलं ज्ञान झालं. शिकलो मी आमच्या सतारमेकर गल्लीत. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे तुम्हाला माहीत आहेत. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूरकडून आलेले भोपळे तिथे दुकानात टांगलेले असतात, खाली माणूस मान घालून नक्षी कोरत असतो. ही माणसं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. बाहेरून येणाऱ्यांनी त्यांचे इतके फोटो काढलेत की माझा एक खटका म्हणजे त्यांना माशी बसल्यासारखा. रस्त्यावरचा फोटो काढायला एवढीच गोष्ट लागते. माणसाने आपल्याला विसरून आपलं काम करत राहायला हवं.

गल्लीच्या पलीकडे एक चहाची टपरी होती. तिथल्या तात्यांकडे मी रोज जायचो. ते मला 'शायर' म्हणत. "काय शायर, घावला का फोटू?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मी म्हणायचो, "धुतल्यावर कळंल." त्यावर ते म्हणायचे, "तुमचं आमच्यावानीच की. गाळल्याबिगर च्या कळत न्हाई."

२००९ च्या ऑगस्टअखेरीस मी एक नवा रोल घातला. त्या वर्षी रमजान आणि गणपती एकदमच आले होते. संध्याकाळी रस्त्यावर काय गर्दी असायची! एका बाजूला दूर्वा-आघाड्याच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायका, त्यांना खेटून खजुराची आणि पपईच्या फोडींची गाडी. मगरीबची अजान आणि मंडळाची आरती पाठोपाठ. मी तीन-चार संध्याकाळी मिळून एकोणीस फोटो काढले. एक तात्यांचाही काढला, त्यांच्या नकळत. उंचावरून चहा ओतताना ते बाजूला कुणाकडे तरी बघून हसत होते.

मग सप्टेंबरच्या सुरुवातीला स्वागतकमानीवरच्या एका चित्रावरून तणाव झाला, दंगल उसळली, संचारबंदी लागली. त्याबद्दल तेव्हा वर्तमानपत्रांत भरपूर आलं होतं. मी दंगलीचा एकही फोटो काढला नाही. कॅमेरा कपाटात होता आणि मी घरात होतो. त्या वर्षीची ईदही तशीच, आवाज न करता झाली.

सगळं सुरू झाल्यावर मी तात्यांच्या टपरीवरून गेलो. टपरीचं बाकडं मोडलं होतं. कुणी मोडलं, हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही माहीत नसावं. पण मला माहीत असेल असं त्यांना वाटत होतं, आणि तसं त्यांना वाटत असेल असं मला वाटत होतं. त्यांनी मान हलवली, मी मान हलवली आणि पुढे गेलो. दुसऱ्या दिवसापासून मी पलीकडच्या रस्त्याने जाऊ लागलो. रोजचा चहा सुटला.

ऑक्टोबरात मी कॅमेरा पुन्हा बाहेर काढला. तोच अर्धा रोल आत होता. बंद दुकानं, नवीन रंगवलेल्या भिंती असे दहा फोटो काढले असतील. एका पेठेत चार पोरांनी मला थांबवलं.

"फोटो कशाचा काढला?"

"रस्त्याचा."

"कुणाला दाखवणार?"

"कुणाला नाही."

"नाव काय?"

मी नाव सांगितलं. ती पोरं कुठली होती, हे मी मुद्दाम सांगत नाही. नाव विचारणारी पोरं त्या महिन्यात दोन्हीकडे होती. नाव ऐकल्यावर त्यांच्यातला मोठा म्हणाला, "डिलीट कर."

मी म्हणालो, "यात डिलीट होत नाही."

त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय. मला चेष्टा सुचण्यासारखी वेळ नव्हती. माझे पाय कापत होते. शेवटी मी डावीकडची मूठ वर ओढली आणि मागचं दार उघडून कॅमेरा त्याच्यापुढे धरला. भर उन्हात. त्याने आत वाकून पाहिलं. करडी चकचकीत पट्टी. "ह्यात फोटो कुठाय?" तो म्हणाला. मी म्हणालो, "होते. आता गेले." तो जरा ओशाळला असावा. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर ते. "जावा काका," म्हणाला. दार उघडं राहिलं ते दहा-पंधरा सेकंद.

रोल मी टाकूनच देणार होतो. पण म्हाताऱ्या स्टुडिओवाल्यांनी मला वेड्यात काढलं. म्हणाले, "अरे, फिरकीवर पहिला फोटो सगळ्यात आत असतो. उजेड वरच्या वेढ्यांना खातो. आतले वाचतात. धुवायला टाक." टाकला. त्यांचं बरोबर निघालं. दंगलीनंतरचे दहाच्या दहा फोटो जळाले होते. त्याआधीचेही आठ गेले. पण पहिले अकरा वाचले, ऑगस्टातले. कडेच्या भोकांतून उजेड झिरपल्यामुळे त्यांच्या काठाला लाल-केशरी झाक आली होती, एवढंच. दूर्वावाली आली होती, खजुराची गाडी आली होती. आणि तात्या.

तो फोटो मी आठवडाभर पतसंस्थेतल्या टेबलाच्या खणात ठेवला. रोज संध्याकाळी खिशात घालायचो आणि पलीकडच्या रस्त्याने घरी जायचो. एका संध्याकाळी पाऊस आला. टपरीला छप्पर होतं. मी जाऊन उभा राहिलो. तात्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, त्यांनी कप पुढे केला. मी फोटो पुढे केला.

त्यांनी हात पुसून तो घेतला. बराच वेळ पाहिला. स्वतःच्या चेहऱ्याकडे नव्हे, कडेकडे. मग म्हणाले, "ह्यो जाळ कसला?"

"जाळ न्हाई तात्या. उजेड शिरलाय."

"कुठनं?"

मग मी त्यांना ती चार पोरं, ते उघडं दार, ती उन्हात धरलेली पट्टी सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मध्ये एकदा "मारलं न्हाई न्हवं?" एवढंच विचारलं. बाकड्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. आजपर्यंत काढलेला नाही. फोटो त्यांनी टपरीत लावला नाही. लोक विचारत बसतील, म्हणाले. गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात, हिशेबाच्या वहीत ठेवला.

कॅमेरा अजून माझ्याकडे आहे. रोल आता हजाराच्या आसपास पडतो आणि धुवायला कुरिअरने बाहेरगावी पाठवावा लागतो, त्यामुळे वर्षाला दोन-तीनच होतात. तात्यांचं आता वय झालंय, टपरी त्यांचा मुलगा चालवतो. मी गेलो की ते आतून विचारतात, "घावला का फोटू?" गेल्याच महिन्यात मी त्यांचे सहा फोटो काढले, नातवाला मांडीवर घेतलेले. घरी येऊन पाहिलं, तर बॉलपेनची स्प्रिंग सरकलेली होती. तेव्हा सहाच्या सहा काळे असणार. रोल अजून आला नाही. त्यांना मी काहीच सांगितलेलं नाही.