खाण गेली, माणसं राहिली



दिवाळी उरकली की मंठा-परतूरकडच्या बंजारा तांड्यांवर दारांना कुलपं लागतात. मुकादमाची उचल फेडायला जोड्या कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात, मागे म्हातारी माणसं उरतात. आज मात्र बोलायचंय कॅनडातल्या एका गावाबद्दल. तांड्यावरच्या माणसाला ते पटकन कळेल.

गावाचं नाव युरेनियम सिटी. सस्कॅचेवान प्रांताच्या पार उत्तरेला, अथाबास्का सरोवराजवळ, १९५२ साली खाणींसाठी वसवलेलं. शेजारचं गोल्डफील्ड्स हे सोन्याच्या खाणीचं गाव आधीच ओस पडलं होतं. तिथली घरंच्या घरं उचलून गोठलेल्या सरोवरावरून ओढत आणली. दुकानं आली, दवाखाना आला, हायस्कूल आलं. ३ डिसेंबर १९८१ रोजी एल्डोराडो या सरकारी कंपनीनं खाण बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि जून १९८२ मध्ये काम थांबलं. हजारांची वस्ती हळूहळू शंभराच्या आत आली.

उरले ते बहुतेक मेटी, तसेच डेने आणि क्री आदिवासी. मेटी म्हणजे फरच्या व्यापारासाठी आलेले फ्रेंच-स्कॉटिश पुरुष आणि तिथल्या क्री, ओजिब्वे बायका यांच्या वंशातून घडलेला समाज. त्यांची मिशिफ भाषाही तशीच: क्रियापदं क्री, नामं फ्रेंच. लोखंडाचा खिळाही नसलेल्या, लांबून करकर ऐकू येणाऱ्या लाकडी गाड्यांतून ते माल वाहायचे. नोव्हेंबर १८८५ मध्ये कॅनडाची आरपार रेल्वे पुरी झाली, आणि नवव्या दिवशी त्यांचा पुढारी लुई रिएल फासावर गेला.

आपल्याकडचा बंजाराही मालवाहूच. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून त्यानं दख्खनमधल्या फौजा पोसल्या. सडका झाल्या, १९०० च्या सुमारास जालन्यातून रेल्वे धावू लागली आणि लदेणीचा धंदा बुडाला. पुढे ऊस आला.

युरेनियम सिटीला हौशी फोटोवाले 'भुताचं गाव' म्हणतात. मला ते खटकतं. खाणीसाठी आलेला इंजिनिअर पगार थांबताच विमानात बसला. ज्याचा आजा त्या रानात फरसाठी सापळे लावायचा, तो कुठे जाणार? बारमाही रस्ता तिथे आजही नाही. माल विमानानं, नाहीतर हिवाळ्यात बर्फावरच्या वाटेनं येतो.

त्याच १९८२ साली, खाण बंद पडायच्या दोन महिने आधी, कॅनडाच्या राज्यघटनेनं मेटींना आदिवासी म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे बंजारा तेलंगणात अनुसूचित जमातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत, हा घोळ अजून आहेच. पण तो दहा मिनिटांत मावायचा नाही.