दामाजीपंतांच्या वाटेनं

मंगळवेढ्याहून बीदर आजच्या रस्त्यानं सुमारे अडीचशे किलोमीटर. सोलापूर, नळदुर्ग, उमरगा करत हैदराबादचा महामार्ग धरायचा आणि हुमनाबादला डावीकडे वळायचं. सकाळी लवकर निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस बीदरला पोचतो. आम्ही मात्र तीन दिवस लावले. एक निवृत्त गुरुजी, एक वकील, गाडी चालवणारा गुरुजींचा भाचा आणि मी. बेत गुरुजींचा. विठू महार ज्या वाटेनं दामाजीपंतांसाठी बीदरला गेला, ती वाट एकदा डोळ्यांनी पाहायची.

कथा आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरू लागली, तेव्हा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारं गोरगरिबांना खुली केली. बीदरहून पकडून आणण्याचा हुकूम सुटला. पंत वाटेत असतानाच विठोबा महाराचं रूप घेऊन दरबारात गेला, धान्याची किंमत मोजून पावती घेऊन आला. महिपतीबुवांनी ‘भक्तविजया’त ही कथा सांगितली आहे. तो ग्रंथ १७६२ मधला, म्हणजे बीदरची बहामनी गादी बुडून दोनशेहून अधिक वर्षं झाल्यानंतरचा. त्यामुळे यातला इतिहास किती, यावर वकिलांनी मंगळवेढा सुटायच्या आतच उलटतपासणी सुरू केली. गुरुजी म्हणाले, “अहो, भूक तर खरी होती ना?”

मंगळवेढ्याची काळी जमीन पाहिली की कोठारांवर विश्वास बसतो. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. याच गावात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. परंपरेनं साल दिलं जातं १३३८. दामाजींचं मंदिर मोठं आहे, गजबजलेलं आहे. चोखोबांच्या स्मरणाशी आम्ही गेलो तेव्हा आम्ही चौघंच होतो.

आता एक घरगुती गोष्ट. आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला दामाजीचं नाटक व्हायचं आणि बादशहाचं काम दरवर्षी माझ्याकडे यायचं. कुणी विचारतसुद्धा नसे. वर्गात मुसलमान मुलगा मी एकटा, तेव्हा बादशहा मीच. मला व्हायचं होतं विठू. घोंगडी, काठी, आणि भर दरबारात थैली ओतायची! माझे पणजोबा मागावर बसणारे. बीदरच्या किल्ल्यात त्यांना कुणी पाण्यालाही विचारलं नसतं. पण जरीचा फेटा माझ्याच डोक्यावर.

नळदुर्गचा पाणीमहाल मात्र सगळं विसरायला लावतो. बोरी नदीवर बांध घातला आहे आणि त्या बांधाच्या पोटात महाल आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, सतराव्या शतकाच्या आरंभीचं हे काम. पावसाळ्यात धरण भरलं की नर आणि मादी अशा दोन धारांनी पाणी डोक्यावरून खाली कोसळतं, आणि आपण आत दगडी सज्ज्यात कोरडे उभे. आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चारशे वर्षं हा चुना पाणी अडवून उभा आहे. आमच्याकडच्या नव्या रस्त्यांचं डांबर एका पावसाळ्यात वाहून जातं, हे भाच्यानं गाडी खड्ड्यातून काढता काढता सांगितलं.

पुढे बसवकल्याण. चालुक्यांची ही राजधानी. इथेच विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरा’ लिहिली, म्हणून वकिलांनी हात जोडले. त्यांचे वाटणीचे निम्मे दावे या एका टीकेवर चालले होते म्हणे. बाराव्या शतकात बसवेश्वर इथेच होते. मला मात्र इथे तिसराच माणूस हवा होता, शहा मुंतोजी. परंपरा सांगते, की हा बीदरच्या बहामनी घराण्यातला. कल्याणच्या सहजानंदांचा शिष्य झाला, मृत्युंजय म्हणवू लागला आणि ‘सिद्धसंकेतप्रबंध’ हा ग्रंथ त्यानं मराठीत लिहिला. मी बी. ए.ला मराठीच घेतलं होतं. तिथे शेख महंमद भेटले, मुंतोजी भेटले नाहीत. पुढे ग्रंथालयात हे नाव सापडलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. बादशहाच्या घरातला माणूस ओव्या लिहीत होता! “मुसलमान असून इतकं छान मराठी कसं लिहिता?” असं मला आजही सभेनंतर चहा पिताना कौतुकानं विचारतात. या रस्त्यावर हा प्रश्न कुणी विचारला नाही. बीदर जिल्ह्याच्या कितीतरी गावांत एकच माणूस घरात एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा बोलतो.

बीदरला शिरताना वकिलांना राहवलं नाही. “चला, आलं तुमच्या बादशहाचं गाव!” मी म्हटलं, “चला, तुमच्या विठूनं पैसे कुठे मोजले ते आधी बघू.”

किल्ला प्रचंड आहे, पण माझा पाय अडला तो महमूद गावानच्या मदरशापाशी. इराणातल्या गीलानहून आलेला हा माणूस बहामनींचा वजीर झाला आणि १४७२ मध्ये त्यानं हे विद्यापीठ उभारलं. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटानं अर्धी इमारत उडाली. एक मिनार उरला आहे आणि भिंतीवर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे. गावाननं शत्रूला पत्र लिहिल्याचा बनाव रचला गेला आणि १४८१ मध्ये सुलतानानं त्याला मारलं. त्याच बीदरच्या दरबारात कथेतल्या पावतीनं एक कारकून वाचला आणि खोट्या पत्रानं एक वजीर मेला. कागद तिथेही कागदच होता. मदरशाच्या अंगणात शाळेची मुलं सहलीला आली होती, डबे उघडून बसली होती.

संध्याकाळी गावाबाहेर अष्टूरला गेलो. बहामनी सुलतानांच्या कबरी ओळीनं उभ्या आहेत. हुमायूनच्या कबरीचा घुमट फुटून अर्धाच राहिला आहे. पहिल्या अहमदशहाच्या, म्हणजे गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला आणणाऱ्या सुलतानाच्या कबरीत आतून रंगकाम आहे. अंधारात आधी काही दिसत नाही. मग राखणदारानं दिवा वर धरला आणि छतावरची सोनेरी, तांबडी अक्षरं एकेक करून वर आली. या सुलतानाला लोक वली मानतात. लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभू म्हणतात आणि उरुसाला जंगमस्वामी आपल्या मंडळींना घेऊन येतात.

महिपतीबुवांच्या कथेत एक गोष्ट नाटकात आम्ही गाळत होतो. विठू निघून गेल्यावर बादशहा त्याला पुन्हा पाहण्यासाठी कासावीस होतो. दर्शन झालं ते त्याला. दामाजी तर तेव्हा वाटेतच होते. हे मी घुमटाखाली उभा राहून गुरुजींना म्हटलं. ते म्हणाले, “मग तुझं काम लहान नव्हतं रे.”

“उरूस केव्हा असतो?” वकिलांनी राखणदाराला विचारलं.

“होळी झाली की या,” तो म्हणाला.

वकिलांनी खिशातून डायरी काढली. भाच्यानं गाडी सावलीतून काढून दाराशी आणून लावली.