गांठीला किती असावें?

(गुढीपाडव्याच्या दिवशीं शाळेच्या आवारांत आम्हीं केलेलें भाषण. कांहीं मंडळींच्या आग्रहावरून येथें देत आहों.)



दिवाळी झाली कीं आमच्या सातवीच्या वर्गांतले बाक रिकामे होऊं लागतात. यंदा नऊ मुलें आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलीं. त्यांतली एक मुलगी गणितांत वर्गांत पहिली होती. तिच्या बापाला आम्हीं म्हटलें, "अहो, हिला तरी आजीपाशीं ठेवा." तो म्हणाला, "गुरुजी, आजीच तर आजारी पडली. तिच्या दवाखान्यापायींच आषाढांत मुकादमाकडून 25,000 उचल घेतली. आम्हीं दोघांनीं कोयता धरल्यावर धाकट्याला कोपीवर कोण संभाळणार?" यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्ही स्वतः फडावरच्या कोपींत वाढलों. चौथीचें वर्ष आम्हांला दोनदां काढावें लागलें, तेंही अशाच एका उचलीपायीं. तेव्हां हा विषय आम्हीं पुस्तकांतून काढलेला नाहीं.

कुटुंबाच्या गांठीला किती शिल्लक असावी? जाणते लोक सांगतात कीं, तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. हा हिशेब ज्याला दरमहा पगार मिळतो त्याचा. म्हणजे आमच्यासारख्या मास्तराचा. ज्याचें सोयाबीन वर्षांतून एकदांच घरीं येतें त्यानें सुगी मोजली पाहिजे, आणि जो रोजावर जातो त्यानें काम न मिळणारे दिवस मोजले पाहिजेत. 2020 सालच्या मार्चांत टाळेबंदी झाली, तेव्हां पुण्यामुंबईहून पायीं निघालेलीं माणसें आपण पाहिलीं. त्यांतल्या पुष्कळांच्या गांठीला एका महिन्याचें खोलीभाडेंसुद्धां नव्हतें.

आतां फळ्यावर हिशेब मांडूं. पांच माणसांचें घर धरा. धान्य घरचें किंवा रेशनचें. किराणा 4,500, दूध-भाजी 1,500, वीज व गॅस 1,200, शाळा व किरकोळ औषध 1,000, मोबाईल व जाणेंयेणें 800. एकूण 9,000. कोणाचें कमी असेल, कोणाचें जास्त. ज्यानें त्यानें आपला आंकडा घालावा.

पहिली रक्कम रात्रीची. मध्यरात्रीं पोटांत कळ येते, बाळंतीण अडते, साप चावतो. 108 ची गाडी फुकट येते हें खरें, पण ती दुसऱ्या फेरीवर असली तर जीप पाहावी लागते. सरकारच्या आरोग्य योजनेंत 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात हेंही खरें, आणि त्यासाठीं कागदपत्रें घरांत नीट ठेवा असें आम्ही नेहमींच सांगतों. परंतु योजनेंतलें रुग्णालय गांठेपर्यंतचा खर्च, सोबतच्या माणसाचें जेवण आणि बुडालेली मजुरी कोण देणार? जीपचे 2,500, पहिल्या दिवसाचीं औषधें व तपासण्या 5,000, आठवडाभर दोन माणसांचें खाणें व बुडालेला रोज मिळून 2,500. झाले 10,000. ही रक्कम रात्रींतल्या रात्रीं हातांत येईल अशीच ठेविली पाहिजे.

दुसरी रक्कम मजुराची: काम बंद पडलें तर तीन महिने, म्हणजे 27,000. तिसरी शेतकऱ्याची. सोयाबीन पाण्यांत गेलें तर हरभरा हातीं येईपर्यंत पांच महिने चूल पेटली पाहिजे. त्याचे 45,000, आणि पुढल्या पेरणीच्या बी-खताचे 15,000. एकूण 60,000. (मागून हंशा.) हंसूं नका, मंडळी. साठ हजार आजच कोणी मागत नाहीं. आठवडी बाजाराच्या दिवशीं 200 रुपये बाजूला पडले, तर पन्नास बाजारांत पहिले 10,000 होतात. म्हणजे एका वर्षांत रात्रीची रक्कम तयार.

तेच 10,000 सावकाराकडून दरमहा शेंकडा 5 नें आणले, तर वर्षाला 6,000 नुसतें व्याज. ही त्रैराशिकें आम्ही पांचवीच्या मुलांना घालतों, आणि त्यांचे बाप ती अंगावर सोडवितात. विनापरवाना सावकारीला महाराष्ट्रांत 2014 च्या कायद्यानें बंदी आहे. पण मध्यरात्रीं दार ठोठावायचें असतें तेव्हां कायदा कोणाला आठवतो? 12 मे 1875 रोजीं सुप्याच्या लोकांनीं सावकारांचीं घरें लुटून रोखे जाळले. 1879 सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु पुढल्या दुखण्याची व पुढल्या लग्नाची गरज कांहीं त्या जाळांत गेली नाहीं. जोतीराव फुल्यांनीं हें आधींच ओळखलें होतें. सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह 1873 च्या डिसेंबरांत थोडक्या खर्चांत लावला गेला, तो केवळ भटजी टाळण्यासाठीं नव्हे, कर्जही टाळण्यासाठीं. आज भटजी टळला तरी डीजे आला आहे, हें मात्र आम्हांला बोलून दाखवावें लागतें.

पैसा ठेवावा कोठें? शेळी ही गरिबाची पेढी खरी, पण दुष्काळांत सगळेच शेळ्या बाजारांत नेतात आणि भाव पडतो. डागिना मोडतांना घडणावळ बुडते. आणि अडचणींत डाग काढायचा म्हटला कीं तो नेहमीं बाईच्याच अंगावरचा निघतो! पोस्टाचें बचत खातें 500 रुपयांत उघडतें, त्याला वर्षाला शेंकडा 4 व्याज आहे. बँकेंतली ठेव 5 लाखांपर्यंत विम्यानें सुरक्षित आहे. ती मर्यादा 2020 सालीं एक लाखावरून वाढविली. पतसंस्थेला मात्र हा विमा नाहीं, तेव्हां अधिक व्याजाला भुलून सगळी पुंजी तेथें टाकूं नका. आमच्या गांवच्या बचत गटांत शेंकडा 2 नें कर्ज मिळतें आणि व्याज गटांतच राहतें. बायांनीं हें काम पुरुषांपेक्षां चोख चालविलें आहे. रात्रीचे 10,000 तरी घरच्या बाईच्या नांवावर असावेत, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे. कारण विचारूं नका. तें पानाच्या टपरीवर उभें राहिल्यास समजेल.

आतां एक आक्षेप. काल एक म्हातारे आम्हांला म्हणाले, "मास्तर, तुमचा पगार ठरल्या तारखेला येतो. ज्याचें हातावर पोट, त्याला शिल्लक शिकवितां?" आम्हांला त्यांचें म्हणणें पटलें. ज्या घरांत मजुरी जेवणालाच पुरत नाहीं, तेथें काटकसरीचा उपदेश करणें हा उद्धटपणा होय. तेथें प्रश्न मजुरीचा आहे, आणि मजुरी वाढवून मागण्यासाठीं दहाजणांनीं एकत्र यावें लागतें. आम्ही बोलतों तें त्याच्या वरच्या पायरीवरच्या घरांविषयीं. सुगीला चार पैसे हातीं आल्यावर मोटारसायकलचा हप्ता धरणारीं घरें या गांवांत पुष्कळ आहेत. त्यांनीं आधीं रात्रीची रक्कम पुरी करावी, मग हप्ता.

ती मुलगी अजून फडावर आहे. कारखान्याचा पट्टा पडला कीं येईल. तिचीं बुडालेलीं गणितें आम्ही उन्हाळ्यांत घेऊं, तो आमचा भाग. तुमचा भाग असा: येत्या बाजाराच्या दिवशीं शाळा सुटल्यावर आम्ही ओसरींत पोस्टाचे व बँकेचे फॉर्म भरून देण्यास बसणार आहों. आधार कार्ड, दोन फोटो आणि 500 रुपये घेऊन यावें. ज्यांच्यापाशीं 500 नसतील त्यांचें जनधन खातें शून्य रुपयांत उघडेल. अंगठा उठविणाऱ्यांनीं संकोच करूं नये.